रफू

ओव्हरकोट अस्सल आहे, अर्सेनी म्हणाला,
अस्तरावरचा शिक्का बघ, एक्केचाळीसचा.
छातीपाशी रफू आहे,
म्हणून पाचशे रूबल कमी दे.

रोदिओनने पायपट्ट्या गुंडाळल्या,
चुकल्या, पुन्हा गुंडाळल्या.
दुपारी, ठरल्याप्रमाणे, तिसऱ्या स्फोटाला
व्होल्गाकाठच्या बर्फात आडवा झाला.
टाळ्या पडल्या.

पडल्या पडल्या बोट रफूवर गेलं.
हिरवा धागा. बारीक टाके, बिनघाईचे.
आघाडीमागच्या धोबीखान्यात कुणा पोरीने
आधी रक्त काढलं असणार, गार पाण्यात,
मग भोक बुजवलं,
पुढच्यासाठी.

शिट्टी झाली.
मेलेले उठले, बर्फ झटकत
चहाच्या रांगेत उभे राहिले.
रोदिओनचा नंबर आला तेव्हा
त्याने मागच्याला म्हटलं,
तू घे आधी.
नंतर ते बरोबर वाटेना,
म्हणून त्याचा दंड धरून ठेवला.