काळी दोनच्या जरा खाली

रुस्तावीच्या बाजारात सकाळी आठलाच
धूळ कामाला लागलेली असते.
डोंगराच्या उतारापर्यंत गाड्याच गाड्या,
अमेरिकेत कुठेतरी ठोकलेल्या,
काळ्या समुद्रावरून बोटीने आलेल्या,
पत्रा सरळ करून, रंग लावून
मुलाखतीला आल्यासारख्या उभ्या.

माझ्याकडे चार हजार तीनशे डॉलर.
कोटाच्या अस्तरात, टाके घालून.
त्यातले सहाशे आईच्या कर्णफुलांचे,
बाकीचे पियानोंचे.
अकरा वर्षं मी लोकांचे पियानो सुरात लावत हिंडते आहे,
मिनीबसमध्ये, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन.
कखेतीतल्या शाळांना सूर हवे असतात,
पण परतीची बस साडेचारला सुटते
आणि सुरांना घड्याळ कळत नाही.

मावसभाऊ नुगझार जाणकार म्हणून आलाय.
रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्याच्या हातात.
दारावर टेकवतो: एकशे दहा. ठीक.
मागच्या चाकावरच्या पत्र्याला टेकवतो: सहाशे ऐंशी.
"लांबी भरलीय. बोटभर. चल पुढे."
पांढरी टोयोटा: एअरबॅगच्या जागी नुसतं चिकटवलेलं झाकण.
लाल फोर्ड: गालिच्याखाली नदीचा गाळ,
कुठल्या नदीचा ते सांगणारं कोणी नाही.
निळीच्या मीटरवर साठ हजार मैल,
ब्रेकचं पायदान मात्र
जुन्या चर्चच्या पायरीसारखं मधोमध झिजलेलं.
नुगझार हसतो. मला हसू येत नाही.
अस्तर टोचत राहतं.

दुपारी एका करड्या होंडापाशी थांबलो.
मालक बेझान, म्हातारा,
खिशात सूर्यफुलाच्या बिया.
त्याने किल्ली फिरवली. नुगझार खाली वाकला,
मी डोळे मिटले.
चारही सिलिंडर एका लयीत. बरं वाटलं.
मग त्याने चक्कर मारू दिली, स्वतः शेजारी बसून,
आणि सत्तरच्या पुढे खालून गुणगुण सुरू झाली,
काळी दोनच्या जरा खाली,
उजवीकडे वळलं की मोठी, डावीकडे वळलं की मंद.

"हा कसला आवाज?"
बेझान बिया सोलत राहिला.
"कुठला आवाज?"

असं गप्प बसणं मला येतं.
सहा वर्षांपूर्वी एका परिचारिकेला
मी लेनिनग्राडचा जुना पियानो विकला.
तिची मुलगी बाकावर बसून पाय हलवत होती.
आतल्या फळीला केसाएवढी चीर होती.
"आतून बरा आहे ना?" तिने विचारलं,
आणि मी रुमालाने
एक स्वच्छ पट्टी पुन्हा पुसली.
हिवाळ्यात अशी चीर वाढते.
त्या घरून सूर लावायला
मला कधी बोलावणं आलं नाही.

"डावं पुढचं बेअरिंग," मी म्हणाले.
बेझानने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.
"हो. बेअरिंग. आणि एसीही चालत नाही.
जावयाने आणली ही. तो पोलंडला गेला,
मी इथे बसतो."
टरफलं खिडकीबाहेर टाकून त्याने
न मागता अडीचशे कमी केले.
परतल्यावर नुगझारने माझा बूट दाबला:
अजून शंभर तुटतील.
मी अस्तराचे टाके उसवायला घेतले.
दया वगैरे काही नव्हती.
ऊन उतरलं होतं, आणि मला
त्या म्हाताऱ्याच्या समोरून निघायचं होतं.

तिबिलिसीच्या रस्त्याला नुगझार रेडिओ लावायला गेला.
नको म्हटलं.
पेटी मागच्या सीटवर, पहिल्यांदाच पट्टा लावून.
"बेअरिंग सोमवारी बदलू," तो म्हणाला, "स्वस्तात होईल."
वारकेतिलीचा फाटा आला.
ती परिचारिका तिथे राहायची,
चौथा मजला, बाल्कनीत निळी सायकल.

"इंडिकेटर का दिलास?"
"चुकून हात लागला."

टिकटिक बंद केली.
खालची गुणगुण चालूच होती.