कोपराचा खळगा

दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ,
पळीभर तेल, चिमूटभर तुरटी.
प्रशिक्षणात उतरवून घेतलं होतं
वहीच्या शेवटच्या पानावर, खिचडीच्या हिशेबाखाली.

अंगणवाडी क्रमांक दोन, तालुका चोपडा.
मार्चमध्ये पत्रा दहा वाजताच तापतो.
सुपडाबाई परातीकडे बघत उभी:
"काय वं ताई, खावानं पीठ खेयाले?"
म्हटलं, जाळी लागलीये त्याला, कोण खाणार.
तरी तिने ते चाळलं. दोनदा.
चाळणीतले किडे अंगणात नेऊन झटकले,
पदर खोचून माझ्या हातातली परात ओढली:
"ऊन पानी टाक. तेल मांगून.
आते दख."

एका गोळ्यात बीट, एकात हळद,
तिसऱ्यात पालक. तो शेवाळासारखा निघाला,
पोरांना तोच हवा होता.

खुशबूने केळीचा घड केला,
फण्या मोजून लावल्या, मग व्यापाऱ्यासारखी
एक फणी तोडून बाजूला टाकली:
"ही वजनात नाही."
मानवने मांडे केले. खापर नव्हतं,
म्हणून माझा गुडघा झाला पालथं खापर.
धनश्री नुसती वास घेत बसली.
एकाने खाल्लं. त्याचं तोंड बघून
दुसऱ्या कुणी खाल्लं नाही.
मीठ त्यासाठीच असतं.

हेमराज भिंतीला.
चिखल नको, रंग नको, वरणभात चमच्यानेच.
बोटाला थेंब लागला की सदऱ्याला पुसपुस, पुसपुस.
आई म्हणते नाजूक आहे. आजोबा म्हणतात नखरे.
मी काही म्हणत नाही.
लहानपणी मला लोकरीची भीती वाटायची,
अंगाला लागली की दात शिवशिवायचे,
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्यापुढे पिवळा गोळा ठेवला
आणि दुसरीकडे बघत बसले.
आधी त्याने झाडूची काडी खुपसली.
मग बाटलीचं झाकण.
मग चपलेचं टोक
(सुपडाबाईने "च्च" केलं, मी तिचा हात दाबला).
मग बराच वेळ काहीच नाही.
मग कोपर.

डावं कोपर.
आधी हळूच टेकवलं,
बसलेल्या म्हशीच्या अंगाला टेकावं तसं.
उचललं. वाकून बघितलं.
परत टेकवलं, सगळा भार देऊन,
आणि तोंडातून एक आवाज आला,
शब्द नव्हता तो.
"गरम आहे," म्हणाला नंतर.
पीठ अजून कोमट होतं
सुपडाबाईच्या ऊन पाण्याने.

तक्त्यात रकाना आहे: बालकाने काय बनवले?
खुशबू: केळीचा घड. मानव: मांडे.
धनश्रीपुढे 'वास' लिहिलं, बेधडक.
हेमराज:
'काही नाही' लिहिलं, खोडलं.
'सहभागी' लिहिलं, तेही खोडलं.
सोनवणे मॅडमना खाडाखोड चालत नाही.
उरलेल्या जागेत बारीक अक्षरात 'खळगा' लिहिलं.
कशाचा म्हणून विचारतील, तर सांगेन.

बाकीचे गोळे आठवड्यात बुरसले.
तो पिवळा तेवढा खिडकीत राहिला, वजनकाट्यामागे.
मेच्या उन्हात दगड झाला, मधोमध चीर गेली.
श्रावणात मिठाने हवेतलं पाणी ओढलं
आणि घाम फुटावा तसा तो ओलावला.

सुपडाबाईने फेकायला उचलला.
"कोनं शे हाई?"
"हेमराजचं."
ती काही बोलली नाही.
मी डबे लावून वळले तर
बांगड्या वर सरकवून
तिने आपलं कोपर त्यात घातलेलं,
आणि ते मावत नव्हतं.