दोन कुठं गेले

दाबाला आमच्याकडे किलो म्हणतात.
पुढचा चौरस सेंटिमीटर
जुन्या सायकलच्या मडगार्डसारखा
केव्हाच गळून पडलाय.
सावद्यापासून रावेरपर्यंत कुणालाही विचारा,
ठिबकला किती हवा? एक किलो.
ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात? दोन.
जसं काही दाब तागडीत घालून
पुडी बांधून देतात.

जुना गेज उन्हानं आंधळा झाला होता,
काच पिवळी, काटा शून्यावर येईना.
जळगावहून नवा आणला, ग्लिसरीन भरलेला.
त्यावर किलोपास्कल. दुकानात दुसरा नव्हता
आणि मला सहाची बस गाठायची होती.
फिल्टरपुढे बसवला, टेफ्लॉनचे सात वेढे देऊन,
आणि सुभान तडवीला सांगायचं राहिलं.

त्या आठवड्यात रात्रीची लाईट.
दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
"ताई, चाळीस किलो झालं."
काय?
"पन्नास. चढून राह्यलं.
मी केळीत उभा राहून लांबून बॅटरी मारतोय.
साठ झालं ना, पाइप आता उडीन!"

अर्धवट झोपेत माझ्यापुढे आण्णांचा बॉयलर.
साखर कारखान्यातला, एकवीस किलोचा,
त्याच्याजवळ जाताना आम्हा पोरांना
चपला काढल्यासारखं चालायला लागायचं.
आणि इथे साठ, बोटाएवढ्या नळीत?
मलाही घाम फुटला.

मग उजेड पडला.
किलो म्हणजे नुसते हजार.
कशाचे हजार, ते पुढे बोलायचं असतं
आणि आम्ही ते बोलायचं सोडून दिलेलं.

"सुभानभाऊ, वाढू द्या. अठ्ठ्याण्णवला थांबा."
पलीकडे नुसती मोटर.
मग त्यानं व्हॉल्व्ह फिरवला,
साठला घाबरलेल्या माणसानं,
माझ्या शब्दावर.

सकाळी बांधावर बसून हिशेब सांगितला.
पास्कल म्हणजे दहाची नोट
टेबलावर पडून राहिली तर जेवढी दाबेल तेवढा.
असे हजार म्हणजे एक किलोपास्कल.
ते शंभर झाले की एक बार.
बार आणि आपला किलो चुलतभाऊ,
लांबून बघणाऱ्याला एकच वाटतात.

"बार शंभराचा, किलो अठ्ठ्याण्णवचा," सुभान म्हणाला,
"मंग दोन कुठं गेले?"

एवढा नेमका प्रश्न मला डिप्लोम्यात
कुणी विचारला नव्हता.
म्हटलं, किलो हे वजन, ते धरणीच्या ओढीवर.
ती दहाच्या ओढीनं ओढत नाही,
नऊ पूर्णांक ऐंशीनं ओढते. तिथे तूट.
त्यानं काडीनं मातीत दोन रेघा मारल्या.
"म्हंजे दांड्याची कट्टी. व्यापारी कापतो तशी."
हो. तशीच.

आण्णाही असेच, आकडा आपल्या भाषेत आणल्याशिवाय
मानायचे नाहीत.
सरकारी दवाखान्यात वरचा दाब एकशे ऐंशी निघाला,
तर डॉक्टरांची पेन्सिल मागून घेतली.
पाऱ्याचे मिलिमीटर ना?
सातशे पस्तीसनं भागा.
कागद मला दाखवून हसले, "पाव किलोही नाही गं.
एवढ्याशानं काय फुटतंय?"
गणित बरोबर होतं, मी पुन्हा पुन्हा तपासलंय.
आण्णा डावखुरे.
त्याच शनिवारी त्यांच्या डाव्या हातात
पेन्सिल राहीना.

परवा गेले तर सुभाननं
गेजच्या काचेवर रेघ ओढलेली,
पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या हिंगुळाची,
जराशी वाकडी, अठ्ठ्याण्णवच्या अंगावर.
काटा तिला टेकून थरथरत होता.
"आता किती किलो?" मी मुद्दाम विचारलं.
"लाल," तो म्हणाला,
आणि फिल्टर धुवायला गेला.