मापाची वही

वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर तिचं नाव आहे,
माझ्या बापाच्या हातचं: सिस्टर इर्मेलिंडा, कॉन्व्हेंट, केपें.
उंची, खांदा, बाही.
छातीच्या मापापुढे नुसती रेघ.
लाजला असेल. सैल शिवायचं, एवढं लिहून मोकळा झाला.

बाप गेला, मशीन माझ्याकडे आलं, आणि तीही,
दर दोन वर्षांनी, करड्या टेरिकॉटचं पुडकं काखेत.
"मेस्ता, गेल्या वेळचा दोरा कुजका होता."
शिलाईची घासाघीस अशी करायची
की मासळीवालीने शिकून घ्यावी.

आठव्या झग्याला ध्यानात आलं,
डावा खांदा अर्धा इंच उतरलाय.
औषधांची पिशवी. बाळ्ळीचा चढ, बार्सेचा चढ,
वेळीपवाड्यावरची बाळंतिणींची घरं.
मी बोललो नाही. आतून एक पट्टी घातली,
आरशात दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून.
मग आठवलं, तिच्या खोलीत आरसा कुठला असणार.

घेर चिखलाने भरायचा. "दोन इंच वर घे," म्हणाली.
दुसऱ्या दिवशी मदर सुपिरियरची चिठ्ठी: टाच झाकलेली हवी.
तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक पाप केलं.
आतल्या बाजूने सहा बटणं, सहा काजी.
सोमवारी घेर वर,
रविवारच्या मिसेला खाली.
हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

खिसा मात्र दर वेळी आणखी खोल मागायची.
रफूला आलेल्या झग्यांत काय काय सापडलं:
थर्मामीटर, सेफ्टी पिना,
कोणाच्या तरी पेन्शनचा फॉर्म, अंगठ्याच्या शाईसकट,
तुटक्या रोझरीचे दहा मणी,
कागदात गुंडाळलेलं, मिठातलं बिंबल.

शेवंती अंथरुणाला खिळली तेव्हा
ती रोज यायची. देवाचं नाव
तिनेही काढलं नाही, मीही नाही.
जखम धुवायची, चादर बदलायची, वेणी घालून द्यायची.
शेवटच्या सकाळी विचारलं, "कुंकवाची डबी खंय आसा?"
मी फळीकडे बोट दाखवलं.
गळ्यातला क्रूस लोंबत पुढे आला होता,
तो डाव्या हाताने पाठीमागे सारला
आणि उजव्या अनामिकेने टिळा लावला,
इतका नेमका मधोमध
की मला टेप धरूनही साधला नसता.

यंदा कार्निव्हाल उलटला, आणि दारात एक पोरगी,
नवशिकी सिस्टर, डोळे सुजलेले.
"शेवटचा झगा. सांजेपर्यंत हवा."
माप मी विचारलं नाही.
जाता जाता म्हणाली, "खिसा नको घालू, मेस्ता. कशाला आता."
कफनाला खिसा नसतो
हे लहानपणापासून ऐकतोय.
तरी शिवला. कोपरापर्यंत हात जाईल एवढा.
घेर टाच झाकणारा. आत सहा बटणं.
बिलात लावली नाहीत.

परवा फळी आवरताना तिचा जुना झगा हाती लागला,
रफूला टाकलेला, न्यायचा राहिलेला.
खिशात किल्ली. लांब दांड्याची, गंजकी,
करड्या दोऱ्याला बांधलेली. दोरा माझ्याच दुकानातला.
आमच्याकडे दर वाड्यावर चार दारं बंद.
पोरं लिस्बनला, लंडनला, कुवेतला.
कुठल्या म्हातारीने डोळे मिटताना
मुठीतली ही तिच्या मुठीत दिली असेल?
कॉन्व्हेंटात विचारून आलो. कोणाला काही ठाऊक नाही.

मशीनच्या खिळ्याला टांगली आहे.
गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो, सिस्टरची आहे.
या सोमवारी दुकान बंद ठेवीन म्हणतो.
गुडघ्यांनी साथ दिली तर आधी बार्सेचा चढ,
पँटचे पाय दोन इंच वर दुमडून.