दोन ज

सोलापूर कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल.
नरसय्या गज्जम, वय बहात्तर,
रेशनकार्डावर ‘गजम’.
एक ज कमी, तेवढाच घालायचा.

घातला, तर पुढचा म गेला.
म लिहिला, तर ‘राहणार’मधला रा.
जितकं दुरुस्त करावं
तितकं साखर पेठेतलं त्यांचं घर
अक्षराअक्षरानं गिळलं जाऊ लागलं.

मी स्क्रीनला चापट मारली.
काका स्टूल पुढे ओढत म्हणाले,
“धागा तुटला की माग थांबतंय, मॅडम.
ह्ये तुमचं गपचूप चालूच की ओ.”

मग मागाखाली वाकावं तसे वाकले,
कीबोर्ड उलटा करून झटकला.
माझ्या डब्यातली शेंगाचटणी,
स्टेपलरची पिन,
मे महिन्याची धूळ.
अडकलेलं इन्सर्ट टक्कन वर आलं.
एकदा दाबलं,
आणि अक्षरं सरकून
एकमेकांना जागा देऊ लागली,
शेअर रिक्षातल्या माणसांसारखी.

प्रिंट त्यांनी बोटानं वाचली.
दोन ज. मोजले. पुन्हा मोजले.
वीस रुपये ठेवले, उठले नाहीत.

“वडलांचं बी मिलच्या मस्टरवर एकच होतं.
शेवटपर्यंत.
त्येचं किती घेता?”

दरपत्रक माझ्या डोक्यामागं टांगलेलं.
मी वळून बघितलं,
उगीच.