किंकाळीच्या अलीकडे

हे व्हॉल्व्ह एकदाच उडण्यासाठी केलेले होते.
फुग्याला टांगायचे, वर सोडायचे,
वरून त्यांनी थंडी किती ते कळवायचं,
मग फुगा फुटायचा
आणि यांनी कुठल्यातरी कुरणात पडून राहायचं.
आत-बाशीची वेधशाळा बंद झाली त्या दिवशी
बाबांनी बारा उचलले.
चोरीच म्हण, असं ते स्वतःच म्हणतात.
शेवटच्या सात महिन्यांचा पगार तरी कुठे दिला होता त्यांनी.

पेन्सिलीच्या तुकड्याएवढी काच,
खाली तारांच्या मिशा.
बाबा तोंडाशी धरून तिच्यावर फुंकर घालतात, काही कारण नसताना,
आणि मोटारसायकलची बॅटरी जोडतात.
बारा व्होल्ट.
"जुन्या सेटमध्ये अडीचशे असायचे.
कुबातला भिंतीवर फेकलं होतं त्यांनी.
हा बघ. बोट लाव, जिपार. लाव गं."
मी लावते. काहीच होत नाही.
चाळिशीची बाई मी, तरी आधी डोळे मिटून घेतले.

तार गुंडाळली आहे ती आईच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर,
बावीस वेढे, आणि खाली वेगळे सहा.
लेबल अर्धं शिल्लक आहे:
दिवसातून तीनदा, जेवणानंतर.
एरियल खिडकीतून पॉप्लरपर्यंत,
पॉप्लरवरून तुर्दूबेकच्या गोठ्यापर्यंत.
त्याची परवानगी आहे. कुरकुरही आहे.

जे ऐकलं त्यातलं थोडं
परत स्वतःच्याच कानात सांगायचं,
असं हे यंत्र आहे.
कमी सांगितलं तर ठार बहिरं.
जास्त सांगितलं तर किंचाळतं,
आणि तुर्दूबेकच्या रेडिओतूनही किंचाळतं,
म्हणून ती कुरकुर.
किंकाळीच्या अलीकडे केसभर जागा असते.
तिथे थांबायचं.
बाबा नॉब फिरवत तिथवर जातात आणि थांबतात,
श्वाससुद्धा अर्धाच घेऊन.

आईशी भांडताना ही जागा त्यांना कधी सापडली नाही.
मलाही नाही,
मॉस्कोहून फोन करताना.

रात्रीचे दहा. चुलीत गोवऱ्या विझत आलेल्या.
हेडफोनचा एक कान त्यांना, एक मला,
मधली पट्टी ताणून धरलेली.
आधी नुसती सरसर, तव्यावर मीठ टाकल्यासारखी.
मग एक चिनी बाई, भराभर.
मग कुणाचं तरी टिक-टिक-टीऽऽ,
बाबांची बोटं आपोआप मांडीवर हलली.
मग एक माणूस, इंग्रजीत, अगदी सावकाश,
लाटांची उंची वाचत होता.
अडीच मीटर. तीन. वारा आग्नेयेकडून.
मी सांगत गेले, बाबा वहीत उतरवत गेले.
या घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही.
वारा, दाब, तापमान हे रकाने होतेच,
तीस वर्षांची सवय.
'लाट' हा रकाना त्यांनी आज पहिल्यांदा आखला,
पट्टी लावून.

मी चहा ओतायला उठले
आणि माणूस बुडाला.
त्याच्या जागी एक शीळ, वर वर चढत जाणारी.
"बस. हात होता तिथे ठेव."
ठेवला. टेबलाच्या कडेला, सेटपासून वीतभर.
माणूस वर आला, लाटांसकट.
"तुझा हातही सर्किटमध्ये आहे," बाबा म्हणाले.
"माणूस जवळ आलं की स्टेशन सरकतं."
"मग समोर पत्रा लावतात ना?"
"लावतात."

पत्रा फळीवर होता. मापात कापलेला,
नॉबसाठी भोकं पाडलेला, चार स्क्रू कागदात बांधून शेजारी.
त्यावर बोट फिरवलं असतं तर रेघ उमटली असती, इतकी धूळ.
मी विचारलं नाही.
गुरुवारी माझं विमान आहे, हे त्यांनीही काढलं नाही.

चहावर साय धरली.
हाताला मुंग्या आल्या, मनगटापासून वर.
साडेतीन, मी म्हणाले.
"साडेतीन," बाबांनी लिहिलं,
आणि पुढची ओळ
कोरीच ठेवून पेन्सिल टेकवून धरली.