बॅच नामंजूर

तलावपाळीजवळच्या दालनात, दुसऱ्या मजल्यावर,
हिराजी मढवीचा चेहरा टांगलाय.
खाली पट्टी: आत्मचित्र, हार्डबोर्डवर एनॅमल.

झब्ब्यातले एक गृहस्थ मुलांना समजावतायत.
हा हिरवा म्हणजे आत साचलेला काळ,
ही वेडीवाकडी रेघ म्हणजे दाबलेली किंकाळी,
आणि कान बघा, चेहऱ्यापासून सुटू पाहतोय.
मुलं वहीत उतरवून घेतात. काळ. किंकाळी. कान.

मी पर्स पोटाशी धरून मागे उभी.

कान तसाच होता हो.
अठ्ठावीस वर्षं त्यामागे पेन्सिल खोचलेली,
पुढे पुढे पेन्सिल नसली तरी तो तिला जागा देऊन असायचा.

रबाळ्याची कंपनी, शेड मॅचिंगची खोली.
खिडकी उत्तरेला, कारण उन्हात रंग खोटं बोलतो.
एका टेबलाला हिराजी आणि मी.
पत्र्याच्या पट्टीवर रंग ओढायचा, वाळू द्यायचा,
गिऱ्हाइकाच्या कार्डाशेजारी धरायचा,
डावा डोळा बारीक करायचा.
जुळला? नाही. काळ्याचा अजून एक थेंब.
जुळला? जवळ आलाय.
दुपारी डबा खाताना भाजीसुद्धा
मी कशाशी तरी जुळवून बघायचे.

बॉयलरच्या खाली कुठेतरी त्याच्या बापाचं मिठागर होतं.
एकदाच बोलला, तेही पट्टी वाळायची वाट बघताना.
आज त्या कपाळावर पांढरा रंग पाहिला,
लावलेला नाही, ओढलेला,
फळीनं मीठ काठाकडे ओढतात तसा, खालून वर,
आणि मधे मधे उघडा पडलेला तपकिरी हार्डबोर्ड.
गृहस्थ म्हणाले, कवटी दिसते.
दिसतही असेल.

पण हिरवा.
डाव्या गालावरचा, कुठल्याच पानाचा नसलेला,
किंचित आंबलेला हिरवा मला ओळखू येतो.
साल चौऱ्याण्णव. पंपवाल्यांची ऑर्डर, चाळीस डबे.
बाहेर कुणीतरी माझं नाव घेतलं,
माझी नजर काट्यावरून हलली
आणि क्रोम पिवळा दोनदा पडला.
माझ्या हातून.
रजिस्टरात बॅच नामंजूर, कारण: निष्काळजीपणा,
आणि पुढे नाव त्यानं स्वतःचं लिहिलं.
तीन दिवसांचा पगार गेला.
मी काही बोलणार तर म्हणाला,
आसू दे, मना सवय हाय.
संध्याकाळी गेटवर परवानगीची चिठ्ठी दाखवून
नामंजूर डब्यातले दोन घरी घेऊन गेला.
मला वाटलं, दाराला लावील.

इतकी वर्षं तो हिरवा ऐरोलीच्या एका खोलीत
त्याच्या गालावर वाळत होता.
आता मी काय समजायचं?
हा ठपका आहे, की जपून ठेवलेलं काहीतरी?
की डबा उघडा होता, रंग फुकट होता
आणि गाल रिकामा होता, एवढंच?
किंकाळी असेलही आत.
पण मग त्यातला थोडा आवाज माझा आहे
आणि वहीत तसं कुणी लिहीत नाहीये.

गर्दी पांगल्यावर जवळ गेले.
डावा डोळा अर्धा मिटलेला.
याला ते वेदना म्हणाले होते.
मला माहितेय तो डोळा,
तो दुखत नाही, तो तपासतोय.
कार्ड कुठलं आहे ते चित्रात नाही,
त्याच्या हातात असावं, चौकटीच्या खाली,
आणि पट्टीच्या जागी मी.
उभी राहिले. वाळेपर्यंत म्हणा.

शिपाई दारं लावायला आला.
म्हटलं, हा वरचा पिवळा दिवा जरा बंद कराल?
या दिव्यात हिरवा चुकीचा दिसतो.
तो म्हणाला, बाई, तो हिरवा चुकीचाच आहे.
मला हसू आलं, मोठ्यानं, दालनात.

मग विचारलं,
इथे उत्तर कुठल्या बाजूला येते?